ऑफर लेटर हातात असलेल्या माणसासाठी

नोकरी सोडल्यावर कंपनीचा रिव्ह्यू लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा मनातल्या मनात बॉसशी भांडत असतो, आणि रिव्ह्यू बिघडतो तो तिथेच. बॉस ते वाचत नाही. वाचणारा माणूस वेगळा असतो. त्याच्या हातात त्याच कंपनीचं ऑफर लेटर असतं, घराचा हप्ता चालू असतो आणि होकार कळवायला दोन दिवस उरलेले असतात. रात्री अकरा वाजता तो मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून शोधतो आणि त्याला दिसतं, ‘टॉक्सिक कल्चर, जाऊ नका’. त्याखाली दुसऱ्या कुणाचं, ‘ग्रेट प्लेस टू वर्क’. दोन्हीतून त्याच्या हाती काहीच लागत नाही.

रिव्ह्यू या माणसासाठी लिहायचा. ऑफर लेटरमध्ये जे दिसत नाही आणि आत गेल्यावर महिन्याभरात कळतं, ते त्याला आज कळायला हवं.

पहिली गोष्ट पगाराची. सहा लाखांचं पॅकेज म्हटलं की नवखा मुलगा बाराने भागून पन्नास हजार धरतो. आता हिशेब बघा. बेसिक निम्मं म्हणजे तीन लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ३६,००० रुपये, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १४,४३० रुपये, आणि दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), म्हणजे ६०,०००. हे तिन्ही सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, मोजलेलं असतं, पण दर महिन्याच्या पगारात येत नाही. उरले ४,८९,५७०, म्हणजे महिन्याला सुमारे ४०,८००. त्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० वजा केला की हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास. (पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात असं इथे धरलंय. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० कापतात. नेमकं हेही रिव्ह्यूत लिहिण्यासारखं आहे.) ‘पगार कमी आहे’ या वाक्यापेक्षा ‘सीटीसीच्या दहा टक्के व्हेरिएबल असतं, मी होतो त्या दोन वर्षांत एकदा पूर्ण आणि एकदा निम्मं मिळालं’ हे वाक्य शंभर पटीने कामाचं. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होतो आणि ती तारीख किती वेळा चुकली, हे तर लहान कंपन्यांच्या बाबतीत सगळ्यात आधी लिहावं.

मग सुट्ट्यांचं. दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असं इंटरव्ह्यूत सांगतात, पण प्रत्यक्षात किती शनिवार यावं लागलं? सँडविच लीव्ह आहे का, म्हणजे शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात का? हे ऑफर लेटरमध्ये नसतं, एचआर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये कुठेतरी असतं आणि ती पीडीएफ जॉइन झाल्यावर मिळते. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर पैसे भरून लवकर सोडतात की अडवून ठेवतात. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का. प्रोबेशन सहा महिन्यांनी संपतं की कन्फर्मेशनचं पत्र मागून मागून मिळतं. रात्रीच्या शिफ्टला घरापर्यंत गाडी आहे की मेन रोडपर्यंत. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते. ती खरोखर आहे, की दाराला कुलूप लावलेली एक खोली आहे? नुकतीच आई झालेल्या बाईला हे एक वाक्य वाचून निर्णय घेता येतो.

प्रॉडक्शनमध्ये असाल तर ऑन रोल (थेट कंपनीच्या पगारावर) आणि ऑफ रोल (कंत्राटदारामार्फत) हा फरक सगळ्यात आधी स्पष्ट करा. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठेही जा, गेटवर एका कंपनीचं नाव असतं आणि पगार दुसऱ्या कंत्राटदाराकडून येतो. रिव्ह्यू टाकताना माणसं गेटवरचं नाव निवडतात, मग ऑन रोल लोकांच्या बोनसवर आणि ऑफ रोल लोकांच्या ओव्हरटाइमवर एकाच पानावर विसंगत रिव्ह्यू जमतात आणि वाचणारा गोंधळतो. पगार, पीएफ, रजा यांबद्दल लिहायचं असेल तर पगारपत्रकावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या पानावर लिहा. कामाची जागा, कॅन्टीन, बस, सुरक्षेची साधनं याबद्दल गेटवरच्या कंपनीच्या पानावर, आणि तिथे पहिल्याच ओळीत ‘मी कंत्राटदारामार्फत होतो’ असं सांगून टाका.

लिहिताना एक चाळणी लावा. प्रत्येक वाक्याला विचारा: हे मी पाहिलंय, मोजलंय, की ऐकलंय? ऐकलेलं काढून टाका, ते कितीही खरं वाटत असलं तरी. पाहिलेलं असेल तर कधी आणि किती वेळा, ते जोडा. काही उदाहरणं देतो.

‘मॅनेजमेंट भिकार आहे’ याऐवजी: ‘माझ्या दीड वर्षात रिपोर्टिंग मॅनेजर तीनदा बदलले, प्रत्येक वेळी गोल्स नव्याने लिहावी लागली आणि अप्रेझलला जुनं काम धरलं गेलं नाही.’

‘वर्क-लाइफ बॅलन्स शून्य’ याऐवजी: ‘कागदावर साडेनऊ ते साडेसहा. अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल आठवड्यातून तीन-चार दिवस रात्री दहापर्यंत चालायचा, बदल्यात सकाळी उशिरा यायची मुभा नव्हती.’

‘पॉलिटिक्स खूप’ हे मात्र कशातही बदलता येत नसेल तर गाळा. पॉलिटिक्स म्हणजे नेमकं काय, ते लिहिणाऱ्याला सांगता येत नाही तेव्हा वाचणाऱ्यालाही कळत नाही. बढतीचे निकष लेखी नव्हते, असं म्हणायचं असेल तर तसंच म्हणा.

चांगल्या बाजूचा रकाना लोक भरायचा म्हणून भरतात. ‘कॅन्टीन बरं आहे’, ‘ऑफिस स्टेशनजवळ आहे’. हा रकाना मनापासून भरला तर बाकीच्या तक्रारींना वजन येतं, कारण लिहिणारा डोळे उघडे ठेवून होता हे दिसतं. जिथे तुम्ही वर्ष-दोन वर्षं काढलीत तिथे काहीतरी शिकायला मिळालं असेल, कुणीतरी नीट शिकवलं असेल, मेडिक्लेममध्ये आईवडील कव्हर असतील. आणि कोणाला ही कंपनी मानवेल तेही लिहा. फ्रेशरला दोन वर्षं हात साफ करायला उत्तम आणि सात-आठ वर्षं अनुभव असलेल्याला कोंडमारा, अशा कंपन्या पुण्यात ढिगाने आहेत. एकच कंपनी एकाला चार तारे आणि दुसऱ्याला दोन तारे वाटणं यात काही खोटं नाही.

तारे देताना घाई होते. ग्लासडोअर या कंपन्यांच्या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एकूण रेटिंगशिवाय वर्क-लाइफ बॅलन्स, पगार, करिअरची संधी, वरिष्ठ व्यवस्थापन अशी वेगवेगळी रेटिंगं देता येतात. अँबिशनबॉक्स या तशाच भारतीय संकेतस्थळावर नोकरीची शाश्वती, बढती, नवं शिकणं असे वेगळे रकाने आहेत. सगळीकडे एक तारा दिला की वाचणारा समजतो, माणूस रागात होता. सगळीकडे पाच असले की समजतो, एचआरने लिहून घेतलं. नवीन बॅच जॉइन झाली की पहिल्याच आठवड्यात ‘रिव्ह्यू टाका’ असा मेल जाणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या पानावर एकाच पंधरवड्यात पाच ताऱ्यांचा पूर आलेला तारखांवरून कळतो. तुमचे तारे वेगवेगळे असू द्यात आणि मजकुराशी जुळू द्यात. पगार वेळेवर होतो असं लिहून पगाराला एक तारा दिला, तर कमी काय आहे ते त्या वाक्यात यायला हवं.

व्यवस्थापनाला सल्ला असा एक रकाना ग्लासडोअरवर असतो. तिथे ‘माणसांची कदर करा’ लिहून काही होत नाही. एखाद्या व्यवस्थापकाला सोमवारी सकाळी करता येईल अशी एक गोष्ट लिहा: शिफ्टचं वेळापत्रक आठवडाभर आधी लावा. व्हेरिएबल कसं मोजलं ते पत्रात दाखवा. एक्झिट इंटरव्ह्यू रिपोर्टिंग मॅनेजरसमोर घेऊ नका.

आता ओळख लपवण्याचा भाग. यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण माणसं पकडली जातात ती हॅकिंगमुळे जात नाहीत, स्वतःच्या वर्णनामुळे जातात.

निनावी म्हणजे नाव नसलेला, एवढंच आपण धरतो. पण रिव्ह्यूबरोबर हुद्दा, विभाग, शहर, आजी की माजी, किती वर्षं काम केलं हे दिसतं. हिंजवडीतल्या दहा हजार माणसांच्या आयटी कंपनीत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे, माजी कर्मचारी’ या वर्णनात शेकडो लोक बसतात. नाशिकच्या अंबडमधल्या साठ जणांच्या कारखान्यात ‘अकाउंट्स, माजी कर्मचारी, तीन वर्षं’ या वर्णनात एकच बाई बसते, आणि तिने राजीनामा कधी दिला ते सगळ्यांना माहीत असतं. लिहिण्याआधी मोजा: माझ्या वर्णनात किती जण बसतात? दहापेक्षा कमी असतील तर पर्यायी रकाने मोकळे सोडा, हुद्दा ढोबळ निवडा, आणि सोडल्यावर चार-सहा महिने थांबा, म्हणजे तेवढ्यात आणखी दोघं-तिघं सोडून गेलेले असतील. खोटी माहिती मात्र भरू नका. कमी सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, आणि खोटं उघडं पडलं तर बाकीचा खरा मजकूरही गेला.

इथे पेच असा, की तपशिलामुळे रिव्ह्यू विश्वासार्ह होतो आणि तपशिलामुळेच तुम्ही ओळखले जाता. त्यावर मला पटलेला मार्ग एकच: व्यवस्थेबद्दल नेमकं लिहा, स्वतःबद्दल ढोबळ. ‘रजा मंजूर व्हायला सरासरी दहा दिवस लागायचे’ हे नेमकं असूनही कोणाचंही असू शकतं. ‘बहिणीच्या लग्नाला रजा नाकारली’ हे फक्त तुमचं आहे. एकाच दिवशी घडलेला प्रसंग, मीटिंगमधला संवाद, बॉसच्या तोंडची खास वाक्यं, हे सगळं बाहेर ठेवा. राजीनाम्याच्या मेलमध्ये वापरलेली वाक्यंही पुन्हा वापरू नका. एचआरकडे तो मेल आहे.

ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा मेल आयडी, तिन्ही टाळा. पुरावा म्हणून कंपनीच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो. तुमची स्वतःची पगारपत्रकं, नेमणूकपत्र आणि तारखांच्या नोंदी पुरेशा आहेत. त्याही रिव्ह्यूत लावायच्या नाहीत, फक्त जवळ ठेवायच्या.

आणि संकेतस्थळ तुमचं नाव कायम झाकून ठेवेल यावर पूर्ण विसंबू नका. २०२२ मध्ये झुरू या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या अर्जावर अमेरिकेतल्या न्यायालयाने ग्लासडोअरला निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये काही वापरकर्त्यांनी तक्रार केली की न विचारता त्यांच्या ग्लासडोअर खात्यात खरं नाव भरलं गेलं; ते रिव्ह्यूवर दिसत नव्हतं, पण कंपनीकडे नोंदलं गेलं होतं. म्हणून असा मजकूर लिहा, की उद्या नाव उघड झालं तरी तुम्हाला त्यातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागणार नाही.

कुठे टाकायचं, हे तुमच्या जागी येणारा माणूस कुठे शोधेल यावर ठरवा. भारतातल्या बहुतेक नोकऱ्यांसाठी माझं उत्तर अँबिशनबॉक्स. नोकरीडॉटकॉम ज्या इन्फो एज कंपनीचं आहे तिचंच ते आहे आणि नोकरीच्या जाहिरातीशेजारीच तिथलं रेटिंग दिसतं, त्यामुळे अर्ज करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते आपोआप येतं. कारखाने, बँका, विमा, रिटेल, मध्यम कंपन्या तिथे भरपूर सापडतात. बहुराष्ट्रीय कंपनी असेल, किंवा परदेशातून अर्ज येत असतील, तर ग्लासडोअर. तिथे एका कंपनीसाठी वर्षाला एकच रिव्ह्यू चालतो, नोकरी गेल्या पाच वर्षांतली असावी लागते आणि मेल पडताळल्याशिवाय मजकूर पुढे जात नाही. माणसांची नावं घ्यायला मनाई आहे. सीईओसारखे कंपनीचा जाहीर चेहरा असलेले वरिष्ठ अधिकारी तेवढे अपवाद. पुष्कळ रिव्ह्यू नाकारले जातात ते याच कारणाने: टीम लीडचं नाव, कधी नुसतं आडनाव, कधी ‘तो प्रोजेक्ट बी चा मॅनेजर’ असा ओळख पटणारा उल्लेख. शिवीगाळ आणि क्लायंटचं नाव किंवा आकडे यांसारखी गोपनीय माहिती ही बाकीची दोन कारणं.

गूगल मॅप्सवर टाकायचा मोह होतो, कारण लहान कंपनीचं दुसरीकडे पानच नसतं. पण तिथे सहसा तुमच्या गूगल खात्याचं नाव आणि तुम्ही आधी लिहिलेले सगळे रिव्ह्यू दिसतात, आणि स्वतःच्या आजी-माजी नोकरीबद्दल लिहिणं गूगलच्या नियमांत बसत नाही. कंपनीने तक्रार केली की रिव्ह्यू उडू शकतो. त्यापेक्षा अँबिशनबॉक्सवर कंपनीचं पान नसेल तर तिचं नाव घालून पहिला रिव्ह्यू तुम्हीच टाका. लिंक्डइनवर खऱ्या नावाने लिहिलेलं पुढच्या कंपनीची एचआर वाचते. तिथे तक्रार टाळावी. ब्लाइंड या नोकरदारांच्या निनावी ॲपवर पगार आणि कपातीबद्दल बोलणं मोकळं चालतं, पण नोंदणीला कंपनीचा मेल लागतो आणि पडताळणीचा मेल कंपनीच्या इनबॉक्समध्ये येतो, हे विसरू नका. रेडिटवरचा डेव्हलपर्सइंडिया हा गट आयटीतल्यांना उपयोगी, विशेषतः एखाद्या कंपनीबद्दल प्रश्न आधीच विचारलेला असेल आणि त्याखाली उत्तर द्यायचं असेल तर. एकच मजकूर चार ठिकाणी जसाच्या तसा चिकटवू नका; तेच शब्द चारही ठिकाणी दिसले की एका ठिकाणी ओळखलेला माणूस सगळीकडे ओळखला जातो.

कधी टाकायचा? फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, खात्यात जमा झाल्यावर, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात आल्यावर, नव्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन संपल्यावर. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख लागली का तेही बघा. कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर पीएफच्या यूएएन पोर्टलवर ती स्वतः टाकता येते. त्याआधी लिहून ठेवा, टाकू नका. लिहून पंधरा दिवस ठेवलेल्या मजकुरातली निम्मी विशेषणं आपणच खोडतो.

सही केलेली कागदपत्रंही एकदा वाचा. सेटलमेंटच्या पत्रात कंपनीबद्दल जाहीरपणे वाईट न बोलण्याचं कलम असेल, तर रिव्ह्यू लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, कंपनीचीही बदनामी होऊ शकते, आणि दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेने दिलेलं मत यांना अपवाद आहे, पण सत्य सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘पीएफचे पैसे खातात’ हा आरोप आहे. ‘माझ्या पासबुकात चार महिन्यांची वर्गणी उशिरा जमा झाली’ ही नोंद आहे, आणि ती तुम्ही दाखवू शकता.

काही गोष्टी रिव्ह्यूत घालायच्याच नसतात. लैंगिक छळाची तक्रार केली असेल तर तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ मनाई करतं. तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत करायची. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. रिव्ह्यूत एवढं लिहिता येतं, की समिती आहे का, तिची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, प्रशिक्षण झालं का. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालय, पीएफसाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल, कारखान्यातल्या उघड्या मशिनसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तिथे तक्रार केलीत तर कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. एका ताऱ्याने मशिनवर गार्ड बसत नाही.

रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यावर कंपनी त्याखाली उत्तर देऊ शकते, बहुतेक वेळा साचेबद्ध: ‘तुमच्या अनुभवाबद्दल खेद वाटतो, अमुक मेलवर संपर्क करा’. त्या मेलवर संपर्क करू नका, तिथेच तुमचं नाव कळतं. कंपनीने रिव्ह्यूवर हरकत घेतली तर संकेतस्थळ तो पुन्हा तपासतं. नियमात असेल तर राहतो, काढला गेला तर कोणत्या वाक्यामुळे ते शोधा, तेवढंच बदला आणि पुन्हा पाठवा. सहा महिन्यांनी जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की शनिवार खरंच बंद झाले, तरी ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या रिव्ह्यूत ‘मी होतो तोपर्यंत’ हे शब्द असतील, तर त्याला हात लावायची गरज पडत नाही. बदल झाला हे आत असलेला माणूस लिहील.